मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ बिनचूक कसा काढायचा

तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री १:३० आणि न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ सकाळी ७:२० असते, तारीखही तीच. बरेच जण सरळ वजाबाकी करतात आणि प्रवास पाच तास पन्नास मिनिटांचा धरतात. काही जण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढतात आणि चार हजार किलोमीटरने चुकतात. काहींचं अंतर बरोबर येतं, पण ते विमानाच्या वेगाने भागून आलेल्या उत्तरात थेट न्यूयॉर्कची वेळ मिसळतात आणि घ्यायला येणाऱ्या मुलाला भलत्याच वेळी विमानतळावर उभं करतात.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. जमिनीवरचं अंतर, विमानाला लागणारा वेळ आणि घड्याळात दिसणारी वेळ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. ती ठरावीक क्रमाने काढावी लागतात आणि त्यात घड्याळाचा नंबर सगळ्यात शेवटचा. हा क्रम पाळला तर शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडे काहीही लागत नाही.

खाली मुंबई–न्यूयॉर्क हे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे. उड्डाणांच्या वेळा फक्त हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत, त्या कुठल्याही कंपनीचं वेळापत्रक नाहीत.

## सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- दोन्ही विमानतळांची नेमकी नावं आणि त्यांचे तीन अक्षरी कोड
- दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश
- प्रवासाची पूर्ण तारीख. नुसता महिना पुरत नाही, कारण अमेरिका आणि युरोपातली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात.
- विमानाचा प्रकार. बुकिंगच्या पानावर तो बहुधा दिलेला असतो.
- साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर किंवा संगणकावरची स्प्रेडशीट

तपासा: कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढा. उत्तर ०.५ आलं तर तो अंशांत चालतो आहे. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनमध्ये आहे, आधी तो बदला. स्प्रेडशीट नेहमी रेडियनमध्येच मोजते, म्हणून तिथे प्रत्येक कोन आधी रेडियन्स या फंक्शनमधून काढून घ्यावा लागतो. ही एक पायरी राहिली की उत्तर पूर्ण निरर्थक येतं, पण दिसायला ते आकड्यासारखंच दिसतं.

## टप्पा १: शहर नव्हे, विमानतळ पक्का करा

‘न्यूयॉर्क’ म्हणजे तीन मोठे विमानतळ: केनेडी (जेएफके), नेवार्क (ईडब्ल्यूआर) आणि लागार्डिया (एलजीए). नेवार्क तर न्यू जर्सी राज्यात आहे. आता आपल्याकडेही हीच काळजी घ्यावी लागते. मुंबईचा जुना विमानतळ बीओएम आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ एनएमआय. गोव्यात दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स.

हवेतल्या अंतरात याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो विमानतळापर्यंतच्या रस्त्यात आणि जोडउड्डाणात. एका विमानतळावर उतरून दुसरीकडून पुढचं विमान पकडायचं असेल तर मधला रस्ता तुमच्या हिशेबात आला पाहिजे. तिकिटावरचा कोड वाचा, शहराचं नाव वाचून पुढे जाऊ नका.

आपल्या उदाहरणात बीओएम आणि जेएफके हे दोन विमानतळ आहेत.

## टप्पा २: अक्षांश-रेखांश नीट उतरवून घ्या

मुंबई विमानतळ: १९ अंश ०५ मिनिटं १९ सेकंद उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं ०५ सेकंद पूर्व.
केनेडी विमानतळ: ४० अंश ३८ मिनिटं २३ सेकंद उत्तर, ७३ अंश ४६ मिनिटं ४४ सेकंद पश्चिम.

सूत्रात घालण्यापूर्वी हे दशांशात आणायचे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवा. मुंबईचे १९ अंश ०५ मिनिटं १९ सेकंद म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०९.

मुंबई: १९.०९, ७२.८७
केनेडी: ४०.६४, उणे ७३.७८

दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे. हे उणे चिन्ह विसरलं तर केनेडी विमानतळ थेट किर्गिझस्तानात जाऊन पडतो आणि मुंबईपासूनचं अंतर जेमतेम २,४०० किलोमीटर येतं. अशी चूक निदान डोळ्यांत भरते. अंश-मिनिटांची चूक मात्र उत्तर थोडंसंच हलवते, म्हणून ती सापडत नाही.

तपासा: दशांशातला आकडा कुठल्याही ऑनलाइन नकाशाच्या शोधचौकटीत टाका. खूण धावपट्टीवर किंवा टर्मिनलच्या आसपास पडली पाहिजे.

## टप्पा ३: गोलावरचं अंतर काढा

दोन अक्षांश आणि दोन रेखांश हातात आले की अनेक जण पायथागोरसकडे धावतात. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश, अक्षांशांतला २१.५५ अंश, कर्ण काढला, एका अंशाला १११ किलोमीटरने गुणलं. उत्तर येतं सुमारे १६,५०० किलोमीटर. खरं अंतर आहे साडेबारा हजार. पृथ्वी गोल असल्यामुळे रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो, तर ६० अंश उत्तरेला तो निम्मा होतो. भिंतीवरचा नकाशा हे लपवतो.

दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जी रेघ उमटते ती ही. तिच्यावरचं अंतर या सूत्राने मिळतं:

कोसाइन (कोन) = साइन (अक्षांश १) × साइन (अक्षांश २) + कोसाइन (अक्षांश १) × कोसाइन (अक्षांश २) × कोसाइन (रेखांशांतला फरक)

आता आकडे घालू.

१. रेखांशांतला फरक: ७२.८७ वजा (उणे ७३.७८) = १४६.६५ अंश.
२. पहिला भाग: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०
३. दुसरा भाग: ०.९४५० × ०.७५८८ × (उणे ०.८३५३) = उणे ०.५९९०
४. बेरीज: उणे ०.३८६०
५. उलटा कोसाइन: ११२.७ अंश
६. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर धरून: सुमारे १२,५३० किलोमीटर

उलटा कोसाइन घेतल्यावर येणारा कोन पृथ्वीच्या केंद्राशी होणारा असतो. १११.१९५ हा गुणक पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून मिळतो. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळे या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक राहू शकतो. प्रवासाच्या नियोजनाला तेवढ्याने काही बिघडत नाही.

अगदी जवळच्या दोन ठिकाणांसाठी हे सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवर डळमळतं, कारण कोसाइन १ च्या फार जवळ जातो. मुंबई–पुणे यासाठी ते वापरू नका. हजार किलोमीटरच्या पुढे ते निर्धास्त वापरा.

तपासा: उत्तर २०,०१५ किलोमीटरपेक्षा जास्त आलं तर ते नक्की चूक आहे, कारण तो पृथ्वीचा अर्धा घेर झाला. ओळखीच्या आकड्यांशीही ताडून पाहा: मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, मुंबई–दुबई १,९३०, मुंबई–सिंगापूर ३,९१०, मुंबई–लंडन ७,२१०.

इशारा: हवाई क्षेत्रात अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तर रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. आपलं अंतर ६,७६७ सागरी मैल किंवा ७,७८७ साधे मैल होतं. नुसतं ‘मैल’ लिहिलेला आकडा दिसला तर कुठला मैल हे कळल्याशिवाय तो भागाकारात घेऊ नका. दोघांत १५ टक्क्यांचा फरक आहे. या प्रवासात तो दोन तासांहून अधिक होतो.

## टप्पा ४: विमान प्रत्यक्षात जाईल तो मार्ग धरा

सगळ्यात जास्त हलगर्जी इथेच होते. वर आलेले १२,५३० किलोमीटर हे किमान अंतर आहे. एवढ्यात कुठलंही विमान जात नाही.

मुंबई–न्यूयॉर्कची बृहद्वृत्ताची रेघ प्रत्यक्ष कुठून जाते ते पाहा. मुंबईहून ती पश्चिमेकडे निघतच नाही. ती वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकून निघते. सौराष्ट्र, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, मग मॉस्कोजवळून आणि हेलसिंकीच्या किंचित उत्तरेकडून जात ती जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. तिथून आइसलंडवरून, ग्रीनलंडचं दक्षिण टोक जवळ ठेवून कॅनडात उतरते आणि न्यूयॉर्कला पोहोचते.

आता या रेघेवरचे देश पुन्हा वाचा. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपलं हवाई क्षेत्र भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं आणि ही बंदी पुढे मुदत वाढवत चालू ठेवली. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यापासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे, आणि रशियाने युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना दार लावलं. म्हणजे याच दोन शहरांमधलं अंतर विमान कोणत्या देशाचं आहे यावरही अवलंबून आहे. एका कंपनीचा आकडा दुसरीला लावू नका.

हिशेब असा करा:

१. जगाचा गोल किंवा गूगल अर्थ उघडा, दोन विमानतळांमध्ये पट्टीची रेघ ओढा आणि खालचे देश लिहून काढा.
२. वाटेत बंद आकाश नसेल तर अंतरात ३ टक्के मिळवा. हवाई मार्ग, विमानतळाभोवतीचं वळण आणि हवामानातली बगल यांसाठी एवढं धरणं रास्त आहे.
३. बंद आकाश असेल तर त्याला वळसा घालणारं एक मधलं ठिकाण निवडा आणि दोन तुकड्यांचं अंतर वेगवेगळं काढून बेरीज करा.

आपल्या उदाहरणात पाकिस्तान टाळून अरबी समुद्रावरून रियाधच्या बाजूने जाणारा मार्ग धरू. मुंबई–रियाध येतं २,७७० किलोमीटर आणि रियाध–केनेडी १०,४८०. एकूण १३,२५० किलोमीटर. म्हणजे किमान अंतरापेक्षा सुमारे ७२० किलोमीटर जास्त, जवळपास पावणेसहा टक्के. विमान रियाधला उतरत नाही, फक्त त्या बाजूने वळतं. वळसा घेतला की वरचे ३ टक्के पुन्हा मिळवू नका, नाहीतर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

तपासा: वळशाचं अंतर भागिले किमान अंतर, हे गुणोत्तर १ पेक्षा कमी आलं तर सूत्रात चूक आहे. १.१० च्या पुढे गेलं तर मधलं ठिकाण फार लांबचं निवडलं आहे. आपलं गुणोत्तर १.०६ आहे.

## टप्पा ५: वेग आणि वारा

लांब पल्ल्याची मोठी विमानं, म्हणजे बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५०, आवाजाच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पटीने उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास थंड असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो. त्यामुळे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. देशांतर्गत मार्गांवरची ए३२० सारखी लहान विमानं ताशी ८३० च्या आसपास.

मात्र हा वेग हवेच्या तुलनेतला आहे आणि खुद्द हवाच वाहत असते. मध्य अक्षांशांवर एवढ्या उंचीला जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जाण्याचा आणि येण्याचा वेळ कधीच सारखा धरू नका. पृथ्वी खाली फिरते म्हणून परतीचा प्रवास बदलतो, हा समज सोडून द्या. हवा पृथ्वीसोबतच फिरते. फरक वाऱ्याचा असतो.

कच्च्या हिशेबासाठी मी हे आकडे वापरतो:

- पूर्वेकडून पश्चिमेला: ताशी ८५० किलोमीटर
- पश्चिमेकडून पूर्वेला: ताशी ९५० किलोमीटर
- उत्तर-दक्षिण: ताशी ९०० किलोमीटर

जाताना: १३,२५० ÷ ८५० = १५.५९ तास. परतताना: १३,२५० ÷ ९५० = १३.९५ तास.

इशारा: १५.५९ तास म्हणजे १५ तास ५९ मिनिटं नव्हेत. दशांशाचा भाग ६० ने गुणा: ०.५९ × ६० = ३५. उत्तर १५ तास ३५ मिनिटं. परतीचं उत्तर १३ तास ५७ मिनिटं. इतर सगळं बरोबर करून इथे घसरणारे पुष्कळ आहेत.

विमानातल्या पडद्यावर ताशी १,०५० किलोमीटर वेग दिसला तरी तो हिशेबात धरू नका. तो त्या क्षणीचा जमिनीच्या तुलनेतला वेग असतो, पाठीशी वारा असतानाचा. सगळ्या प्रवासाची सरासरी तेवढी नसते.

## टप्पा ६: दारापासून दारापर्यंतचा विमानाचा वेळ

वेळापत्रकातला वेळ हा चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनचा नसतो. विमान टर्मिनलच्या गेटपासून मागे ढकललं जातं तिथपासून, समोरच्या गेटला लागतं तिथपर्यंत तो मोजतात. याला ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणून मिळवा:

- चढताना आणि उतरताना वेग कमी असतो त्यासाठी १५ मिनिटं
- दोन्ही टोकांना जमिनीवर फिरण्यासाठी मिळून ३० मिनिटं

जाताना १५:३५ + ०:४५ = १६ तास २० मिनिटं. परतताना १३:५७ + ०:४५ = १४ तास ४२ मिनिटं. १४:४० धरू.

ही पद्धत भरवशाची आहे का हे छोट्या मार्गावर पाहता येतं. मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर, ३ टक्के मिळवून १,१७४. ताशी ८३० ने भागलं तर १ तास २५ मिनिटं, त्यात ४५ मिनिटं मिळवली की २ तास १० मिनिटं. वेळापत्रकात साधारण एवढाच वेळ दिसतो. अंतर कमी तितका या ४५ मिनिटांचा वाटा मोठा. दिल्लीच्या प्रवासात तो एक तृतीयांश होतो, न्यूयॉर्कच्या प्रवासात तो जाणवतही नाही.

## टप्पा ७: आता घड्याळ

इथपर्यंत आपण कुठल्याही देशाच्या वेळेला हात लावला नाही, आणि तो लावायचा नव्हताच. आता तीन पायऱ्या याच क्रमाने करा:

१. सुटण्याची स्थानिक वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत न्या.
२. तिच्यात ब्लॉक टाइम मिळवा.
३. आलेली वेळ पोहोचण्याच्या ठिकाणच्या स्थानिक वेळेत आणा.

भारत यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, वर्षभर. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे आणि उन्हाळ्यात ४ तास मागे. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणून भारत आणि न्यूयॉर्कमधला फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास.

जाताना, १० जानेवारी: मुंबईहून रात्री १:३०. साडेपाच तास मागे गेलो की ९ जानेवारी, २०:०० यूटीसी. त्यात १६:२० मिळवले की १० जानेवारी, १२:२० यूटीसी. पाच तास मागे, न्यूयॉर्कला १० जानेवारी, सकाळी ७:२०.

येताना, ३१ जानेवारी: न्यूयॉर्कहून सकाळी ११:३०, म्हणजे १६:३० यूटीसी. १४:४० मिळवले की १ फेब्रुवारी, ०७:१० यूटीसी. भारतात १ फेब्रुवारी, दुपारी १२:४०.

तपासा: उलटा हिशेब करा. जाताना घड्याळात ५ तास ५० मिनिटं दिसतात. त्यात साडेदहा तास मिळवले की १६:२०. येताना घड्याळात २५ तास १० मिनिटं दिसतात. त्यातून साडेदहा तास वजा केले की १४:४०. दोन्ही जुळले म्हणजे मिळवायचं की वजा करायचं यात गोंधळ झालेला नाही.

### घड्याळ सरकण्याच्या दिवशी

समजा, हेच विमान ८ मार्च २०२६ ला रात्री १:३० ला मुंबईहून सुटतं. तो मार्चचा दुसरा रविवार आहे. सुटण्याच्या क्षणी न्यूयॉर्क यूटीसीच्या पाच तास मागे असतं, पण विमान हवेत असतानाच तिथलं घड्याळ सरकतं. उतरताना १२:२० यूटीसी असतील आणि फरक चार तासांचा झालेला असेल: सकाळी ८:२०. नियम असा की सुटण्याच्या वेळेला सुटण्याच्या क्षणाचा फरक लावायचा आणि पोहोचण्याच्या वेळेला पोहोचण्याच्या क्षणाचा.

ब्रिटन आणि युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा अमेरिका आणि ब्रिटन वेगवेगळ्या पायरीवर असतात. लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी या आठवड्यांत पाठ असलेले फरक वापरू नयेत. प्रत्येक ठिकाणचा यूटीसीपासूनचा फरक त्या तारखेसाठी नव्याने पाहावा.

### मध्यरात्रीनंतरचं विमान

मुंबईहून पश्चिमेला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ‘१० तारीख, ०१:३०’ म्हणजे ९ तारखेच्या रात्रीचं जेवण झाल्यावर, १० ची पहाट उजाडायच्या आत. लोक दहा तारखेला रात्री बॅगा घेऊन पोहोचतात, तेव्हा विमान जाऊन वीस तास उलटलेले असतात. ही चूक तिकिटाएवढी महाग पडते. तिकीट हातात आल्याबरोबर त्यावर वारासकट लिहून ठेवा: ‘शुक्रवार ९ जानेवारी, रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर.’ घरातल्या ज्येष्ठांना सांगतानाही उड्डाणाची तारीख न सांगता घरातून निघण्याचा वार आणि वेळ सांगा.

## टप्पा ८: मध्ये थांबा असेल तर

प्रत्येक उड्डाण यूटीसीत मांडा आणि मग बेरीज करा. स्थानिक वेळा एकमेकींतून वजा करत गेलात तर तीन देशांच्या वेळांत हमखास अडकाल.

दुबईमार्गे एक उदाहरण. दुबई यूटीसीच्या चार तास पुढे, वर्षभर.

- मुंबई सुटलं पहाटे ४:३० = आदल्या दिवशीचे २३:०० यूटीसी
- दुबई पोहोचलं सकाळी ६:१५ = ०२:१५ यूटीसी. उड्डाण ३:१५
- दुबई सुटलं सकाळी ८:३० = ०४:३० यूटीसी. थांबा २:१५
- न्यूयॉर्क पोहोचलं दुपारी १:३०, हिवाळा = १८:३० यूटीसी. उड्डाण १४:००

एकूण १९ तास ३० मिनिटं. उलटी तपासणी: घड्याळात ९ तास, अधिक साडेदहा, बरोबर साडेएकोणीस.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०१०, मिळून १२,९४० किलोमीटर. वळशाच्या थेट मार्गापेक्षा हे अंतर कमीच आहे, तरी वेळ तीन तासांहून जास्त लागतो. थांब्याचा प्रवास निवडताना अंतराकडे पाहून निर्णय घेऊ नका. वेळ खातो तो थांबा, आणि दोनदा उडण्या-उतरण्याची ती ४५ मिनिटं.

इशारा: विमान गेटला लागण्याची वेळ आणि तुम्ही विमानातून बाहेर पडण्याची वेळ एक नसते. पुढच्या विमानाचं बोर्डिंगही सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. सव्वादोन तासांच्या थांब्यातले हातात खरे उरतात ते दीड तासाच्या आसपास. व्हीलचेअरने जाणाऱ्यांसाठी तीन तासांपेक्षा कमी थांबा मी कधीच सुचवत नाही. आणि दोन उड्डाणं वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं. मग वरचा हिशेब लागूच होत नाही, थांबा दुप्पट धरा.

## टप्पा ९: घरापासून घरापर्यंत

पुण्याहून निघणाऱ्यासाठी प्रवास मुंबईच्या धावपट्टीवर सुरू होत नाही. रस्त्याचे चार तास, घाटात कोंडी किंवा पाऊस असेल तर पाच, आणि विमानतळावर सुटण्याच्या किमान तीन तास आधी पोहोचणं. आपल्या १:३० च्या विमानासाठी रात्री १०:३० ही शेवटची रेघ समजा आणि ९:३० चं लक्ष्य ठेवा. म्हणजे पुण्यातून संध्याकाळी साडेचारला निघायला हवं. पलीकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान यांसाठी दीड ते दोन तास. घ्यायला येणाऱ्याने सकाळी ७:२० ला दारात उभं राहण्याची गरज नाही, पावणेनऊनंतर पोहोचलं तरी चालतं.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडे जाताना हाच हिशेब कागदावर न्यावा: घर सोडल्यापासून घर गाठेपर्यंतचे खरे तास, आणि दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक. ‘सकाळची गोळी’ कुठल्या सकाळी घ्यायची हे डॉक्टरांना त्याशिवाय सांगता येत नाही.

## शेवटची पडताळणी: प्रत्यक्ष उड्डाणांशी ताडून पाहा

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यातल्या फेऱ्या उघडा. तिथे तीन गोष्टी पाहा: विमान नकाशावर कुठून गेलं, हवेत किती वेळ होतं, आणि दर दिवशी त्यात किती फरक पडला. तिथे हवेतला वेळ वेगळा दाखवलेला असेल तर त्याची तुलना टप्पा ६ मधली जमिनीवरची ३० मिनिटं वजा करून करा.

तुमच्या उत्तरात आणि प्रत्यक्ष वेळेत अर्ध्या तासापर्यंतचा फरक वाऱ्याचा असतो, तो तसाच राहू द्या. एक तासाच्या पुढे गेला तर बहुतेक वेळा टप्पा ४ मधला मार्ग बदललेला असतो. नकाशावर दिसणाऱ्या वळणावरचं एक ठिकाण घेऊन दोन तुकड्यांचं अंतर पुन्हा काढा. फरक बरोबर एक तासाचा असेल तर आधी टप्पा ७ मधली घड्याळ सरकण्याची तारीख तपासा.

वाटेत कुठे इंधनासाठी थांबा दिसला तर त्याची स्वतंत्र नोंद घ्या. लांबलेल्या मार्गांवर असे थांबे घेतले जातात. तो थांबा नेहमीचा असेल तर तुमचं ‘थेट’ उड्डाण टप्पा ८ च्या पद्धतीनेच मोजायला हवं.